सखाच्या दगडावरचा घोडा

सूर्यमाळ, २० जानेवारी २०२५

रोहिणी,

तुझ्या बाबांनी माझ्या पणजाला पळपुटा म्हटलं आणि तिथून सगळं बदललं. त्याच्या घटकाभर आधी मी फक्त तुला मागायला आलेला पोरगा होतो. तू आत चहा गाळत होतीस. तुला ऐकू आलं की नाही माहीत नाही. आलं असलं तरी माझ्या तोंडून ऐक, कारण तुमच्या घरात ही गोष्ट एव्हाना वेगळीच झाली असणार. तू नंबर ब्लॉक केलायस म्हणून हा कागद. तुझ्या नाशिकच्या हॉस्टेलचा पत्ता उमेशच्या बहिणीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला फार पिडलं.

मी एकटा आलो हे चुकलंच. मागणी घालायला वडीलधारी येतात, पोरगा उमेशसारख्या दोस्ताच्या मोटरसायकलवर बसून येत नाही. पण माझा बाप म्हणाला, नागलीची मळणी उरकू दे, मग बघू. आणि मला कळलं होतं की मोखाड्याच्या त्या ग्रामसेवकाकडची माणसं तुमच्याकडे येऊन पोहे खाऊन गेली. ग्रामसेवक आमच्या मळणीसाठी थांबणार आहे का?

तुझे बाबा, आमचे गुरुजी, आधी नीट बोलले. कॉलेज का सोडलंस म्हणाले. मी खरं ते सांगितलं, की गॅदरिंगला एकजण तुझ्याबद्दल वेडंवाकडं बोलला, मी त्याचं नाक फोडलं, मला माफीनामा लिहायला सांगितला, मी लिहिला नाही.

"म्हणजे तुला काढलं नाही. तूच उठून आलास."

"हो."

गुरुजी हसले. "तुमच्या घराण्याला ही खोडच आहे. पणजा पलटणीतून उठून आला, पणतू कॉलेजातून."

मी म्हटलं, "माझा पणजा लढाईत मेलाय, गुरुजी. आमच्या शिवेवर त्याचा वीर आहे."

"दगड आहे रे. पण दगड बसवल्यावर दोन-तीन वर्षांनी माझ्या आजाने त्याला जव्हारच्या बाजारात मीठ घेताना बघितलंय. आजाने हाक मारली तर गर्दीत शिरला आणि पळाला. मेलेल्या माणसाला मीठ कशाला लागतं?"

यावर मी उठलो. कप मी फेकला नाही, उठताना गुडघा लागला, हे तुझ्या आईला, चंद्रकला काकींना सांग. मी म्हटलं, "पळपुटा नव्हता हे दाखवतो तुम्हाला." ते म्हणाले, "दाखव. मग पुढचं बोलू."

हे "पुढचं बोलू" मी दातात धरून बसलोय.

तू नर्सिंगची जाड पुस्तकं वाचतेस, आपला गाव विसरली असशील, म्हणून सांगतो. पणजाचं नाव सखा. त्या मोठ्या लढाईत भरती झाला तेव्हा माझा आजा पुंजा अजून चालायलाही लागला नव्हता. लढाई संपली, बाकीचे आले, सखा आला नाही. खोडाळ्याकडच्या एकाने येऊन सांगितलं की तो ब्रह्मदेशाच्या रानात तापाने गेला. प्रेत नाही म्हणून घरच्यांनी पळसाच्या पानांचा माणूस केला आणि जाळला. भगत बसवून त्याचा दिवस केला आणि शिवेवर वीराचा दगड उभा केला. वर चंद्र-सूर्य, खाली घोडा, घोड्यावर सखा. दगड घडवणाऱ्याने बंदूक कधी बघितलेली नव्हती, त्यामुळे ती खांद्यावरच्या पाव्यासारखी दिसते. दर होळीला आम्ही त्याला नारळ देतो. आपल्यात एकदा दिवस झाला की माणूस पितरांत गेला, विषय संपला.

आणि तुझे बाबा म्हणतात तो मीठ घेत होता.

हरेश


सूर्यमाळ, ३ फेब्रुवारी

रोहिणी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणारच.

उमेशला घेऊन पालघरला सैनिकांच्या ऑफिसात जाऊन आलो. जाताना वाटेभर मी भांडणाची तयारी करत होतो. तिथला साहेब इतका गोड निघाला की मला काही करताच येईना.

"सैनिकाचा नंबर?"

"नंबर माहीत असता तर आलो असतो का, साहेब?"

"पलटण कुठली?"

"लढाईवाली."

ते हसले नाहीत, हे मोठंच. म्हणाले, "बाळा, नुसत्या सखा या नावावर मी काय शोधू? नंबर आण. मी स्वतः माझ्या ओळखीच्या माणसाला फोन लावीन." वर चहा पाजला. बाहेर आल्यावर उमेश पोट धरून हसला. "भाई, तू राडा करायला गेला आणि त्याने चहा पाजला. पोपट झाला ना तुझा." ठाण्याला कामाला गेल्यापासून तो असंच बोलतो.

मग मी आजाला धरलं. तो अंगणात बसून झाडूचं गवत बांधत होता.

"आज्या, तुला तुझा बाप आठवतो?"

"दगड आठवतो," आजा म्हणाला.

मला वाटलं संपलं. पण तो गवत बांधता बांधता आपणहून बोलत राहिला. लहानपणी तो शिवेवर गुरं राखायचा. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत एक माणूस यायचा. खांद्यावर घडी घातलेलं कांबळं. दगडाच्या समोर बसायचा, विडी ओढायचा, जायचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने आजाला विचारलं, "हा कुणाचा रे?"

आजा म्हणाला, "मी सांगितलं ना त्याला छाती काढून, माझ्या बापाचा. बंदूक घेऊन मेला. तो म्हणतो, घोड्यावर होता काय? मी म्हटलं, होता की, डोळे फुटले काय तुझे, दिसत नाय? लई हसला तो. हसता हसता डोळे पुसले. मग कनवटीचा गूळ काढून दिला मला. दोन-तीन वर्षं आला असंल. मग मला शाळेत घातलं, गुरं सुटली."

"नाव नाही विचारलंस त्याचं?"

"विचारलं की. दाभोशाचा बुध्या म्हणला. गवत कापाया येतो इकडं. बरा होता माणूस. गूळ द्यायचा."

आजाने झाडूला गाठ मारली आणि दुसरा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या डोक्यातून मात्र तो माणूस अजून गेलेला नाही. गवत कापायला येणारा माणूस परक्या शिवेवरच्या दगडासमोर का बसेल? आणि घोड्याला का हसेल?

मी आजाला काही बोललो नाही. तुला लिहितोय, कारण तुला लिहिलं की मला नीट विचार करता येतो. शिरपामाळला आपण बसायचो तेव्हाही असंच व्हायचं. मी बडबडायचो, तू नखं कुरतडत ऐकायचीस, आणि घरी जाईपर्यंत माझं डोकं थंड झालेलं असायचं.

उद्या दाभोशाला जातोय.

हरेश


जव्हार, १० फेब्रुवारी

रोहिणी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठी. २ मार्चला साखरपुडा ठरला हे त्यात पहिल्या ओळीत, वॉर्डन विचारते म्हणून पत्रं पाठवू नकोस हे दुसऱ्या, आणि शेवटी, "तू आणि बाबांनी पैज लावली आहे. मी पैजेचा विडा नाही."

मी तुझ्यासाठी पालघर-दाभोसा करतोय आणि तू मला हे लिहितेस? जाऊ दे. चिडून लिहिलं की माझं अक्षर तुला लागत नाही, म्हणून मधे उठून एक चक्कर मारून आलोय. आता ऐक. हे तुला सोडून मी कुणालाही सांगितलेलं नाही, उमेशला सोडून.

दाभोशाला जीपमधून उतरलो आणि बुध्या कोण म्हणून विचारत फिरलो. चार बुध्ये निघाले, सगळे जिवंत. एका म्हाताऱ्याने नदीकडच्या कातकरवाडीकडे बोट केलं. "पलटणवाला बुध्या? तो तर कधीच गेला. त्याची पोर आहे, बाळी."

बाळी म्हणजे पंचाहत्तरीची म्हातारी. झोपडीच्या दारात कोंबड्यांना पाणी ठेवत होती. मला वाटलं सरकारी माणूस समजून आत जाईल, पण ती उभीच राहिली.

"कुणाचा तू?"

"सूर्यमाळचा. पुंजाचा नातू."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "पुंजा हाय अजून?"

रोहिणी, मी तिला पुंजा कोण हे सांगितलं नव्हतं. ती या नावाची वाट बघत बसल्यासारखी होती.

तिने मला पाणी दिलं. मी प्यायलो. लगेच नाही प्यायलो. कातकऱ्याच्या घरचं पाणी म्हणून हात थांबला, आणि ते तिने बघितलं. तुला सगळं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो.

ती म्हणाली, "तो आला तो बुधवार व्हता. नाव सांगंना. म्हून माझ्या आजानं त्याला बुध्या म्हटला. मग माझ्या आयशीसंगं ऱ्हायला. शेवटाला मला सांगलं त्यानं, का माझं नाव सखा."

तो बंदूकवाला नव्हताच. खेचरं हाकायचा. ब्रह्मदेशात डोंगरांतून खेचरांवर दारूगोळा, धान्य न्यायचं, हे त्याचं काम. एकदा जवळ गोळा फुटला, खेचर मेलं, याचा डावा कान गेला. मग ताप. तापात पलटण पुढे गेली, हा मागे कुठल्याशा इस्पितळात पडला, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. बरा होईपर्यंत लढाई संपून गेली. मग पलटणीतून त्याला रीतसर सुट्टी दिली, कायमची. कसाऱ्याला गाडीतून उतरला आणि चालत आला.

आणि शिवेवर त्याने स्वतःचा दगड बघितला. शेंदूर ताजा होता.

"आधी त्याला कळलंच नाय कुणाचा," बाळी म्हणाली. "रानात मध काढणारा एक कातकरी भेटला, त्यानं सांगलं, हा सखाचा. लढाईत गेला तो. त्याच्या बायकोचा, पारूचा, दिरासंगं पाट लावला. मग हा तिन्हीसांजा घराच्या मागल्या अंगानं गेला. पारू सुपानं दाणं पाखडत व्हती. पोट म्होरं आलेलं. पोर धावत आला आन् याच्या भावाला बा म्हणला. बस. परत फिरला."

मी म्हटलं, "हाक तरी मारायची!"

"मी बी ह्येच म्हटलं त्याला. बा, हाक का नाय मारली? तो म्हणं, माझा दिवस झाला व्हता गं. दिवस झालेल्यानं उंबरा वलांडला तं घर बुडतं. तिचा पाट मोडला असता. पोटातलं पोर कुणाचं म्हणायचं?"

मीठ घेताना त्याने गुरुजींच्या आजाची हाक ऐकली होती, एका कानानेच ऐकली, पण ऐकली. म्हणून पळाला. ते पळणं पलटणीतून नव्हतं.

बाळीला बापाचं हसू जास्त आठवतं. रोज सकाळी कांबळ्याची चौकोनी घडी घालायचा, कोपरा जरा सरकला तरी उलगडून पुन्हा. शेळ्यांना ओळीत चालवायचा, "लेफ्ट-राइट" म्हणत. सूर्यमाळहून आला की म्हणायचा, "मला घोड्यावर बसवलाय साल्यांनी. जलमात घोड्यावर बसलो नाय. खेचर कोरायला काय झालं व्हतं?" मेला तो गवताच्या कापणीत. दुपारचा भाऱ्याला टेकून पडला तो उठलाच नाही. बाळीचं थोरलं पोर तेव्हा पोटात होतं. त्याच्यासाठी दगड बसवला नाही, कारण तो म्हणून गेला होता, "माझा दगड हाय तिकडं. एका माणसाला दोन कशाला?"

कोंबड्यांना पाणी ज्यात ठेवलं होतं तो त्याचा पलटणीतला मग होता. तळाला ठोकून नंबर काढलेला. मी मोबाईलमध्ये फोटो घेतला, आणि खरं सांगू, त्या क्षणी मला पणजा आठवला नाही, तुझे बाबा आठवले. मिळाला नंबर!

निघताना बाळी म्हणाली, "पुंजाला आणशील? भावाला कधी बघितला नाय मी."

मी "बघू" म्हटलं. बापासारखं.

हरेश


सूर्यमाळ, २३ फेब्रुवारी

रोहिणी,

वॉर्डनला म्हणावं हे शेवटचं आहे. शेवटचं नसेल कदाचित.

मगावरचा नंबर कळवला होता, त्यावर पालघरच्या साहेबांचा फोन आला. माणूस शब्दाला जागला. नंबर खेचरांच्या पलटणीचा, नाव सखा, आजारपणामुळे रीतसर सुट्टी. पळाला असं कुठेही नाही. फोन ठेवल्यावर मी अंगणात एवढा ओरडलो की शेळी दावं तोडून पळाली.

उमेशने मला खाली बसवलं. "भाई, आता डोकं वापर. गुरुजी विचारणार, सुट्टी मिळाली तर घरी का नाय आला? काय सांगशील? कातकरवाडीत दुसरा संसार केला? मग पोरगी सोड, गुरुजी तुला ओट्यावर पण उभा करणार नाय."

"मग?"

"अर्धं सांग. सुट्टी मिळाली, घरी यायला निघाला, वाटेत तापाने गेला. मीठवाला दुसराच कोणतरी. खल्लास. दगड पण खरा, पणजा पण खरा, तुझं लग्न पण खरं."

मी रात्रंदिवस यावर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं. मी लगेच हो म्हटलं. कुणाचं नुकसान होत होतं? आजाचा बाप वीरच राहणार होता, तू मला मिळणार होतीस. बाळीने इतकी वर्षं भाऊ बघितला नव्हता, तर आणखी काय बिघडणार होतं. असाच विचार केला मी.

गुरुजींपुढे जीभ अडखळायला नको म्हणून मी ते आधी आजाला सांगून बघितलं. आजा शांतपणे ऐकत होता. सुट्टी मिळाली म्हटल्यावर मान हलवली, वाटेत गेला म्हटल्यावर हात जोडले. मग म्हणाला, "आन् तू दाभोशाला गेलतास ना? त्या गूळवाल्याचं काय झालं?"

साधं विचारलं गं त्याने. म्हातारा माणूस, लहानपणीचा गूळ आठवला त्याला. मी म्हणायचं होतं, मेला तो कधीच. तेवढंच. पण माझ्या डोक्यात काय शिरलं! मी ओरडलो त्याच्यावर. "तोच तुझा बाप होता! तुझ्या समोर बसला होता आणि तू त्याला सांगितलंस की तो मेलाय!"

आई आतून धावत आली. बापाने मला बखोटीला धरलं. मी तेवढ्यात सगळं बोलून टाकलं, पाट, कातकरवाडी, बाळी, सगळं. बाप म्हणाला, "हळू बोल, शेजारी ऐकतात." मी म्हटलं, ऐकू देत. शेजाऱ्यांनी ऐकलं.

आजा काठी घेऊन उठला आणि शिवेकडे गेला. मी लांबून मागे गेलो. तो दगडासमोर बसला, बहुतेक तिथेच जिथे तो माणूस बसायचा. ऊन उतरलं तरी उठला नाही. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "खेचर होतं व्हय."

"हो."

"आय कधी याला नारळ वाहायची नाय. माझ्या हातात द्यायची. तू वाहा, म्हणायची. मला वाटायचं, पाट लागला म्हणून लाजते."

मग दगडातल्या घोड्यावरून बोट फिरवत, "बहिणीचं नाव काय म्हणलास?"

"बाळी."

"बाळी," आजा म्हणाला. दोनदा म्हणाला. मग काठीवर भार देऊन उठला आणि मला एखादं काम सांगावं तसं सांगितलं, "त्याचा दिवस करायला पाहिजे. आपण केला तो पानांच्या माणसाचा केला. त्याचा झालाच नाय. मी आणि माझी बहीण, दोघं बसल्याशिवाय तो सुटायचा नाय."

बापाने समजावलं, की सगळ्या पाड्यात होईल, सोयरीक कुठे जुळणार नाही, हरेशचं तरी बघ. आजा म्हणाला, "लोकांनी पानं जाळली तवा मला इचारलं नाय. आता मी कुणाला इचारू?"

दिवस दाभोशाला बाळीच्या दारात करायचा. भगताने रविवार धरलाय, कारण भिवंडीला वीटभट्टीवर गेलेली बाळीची पोरं तेव्हाच येऊ शकतात. २ मार्च. मी भगताला दुसरा दिवस बघ म्हणून सांगितलं. त्याने बघितला नाही.

हरेश


सूर्यमाळ, २ मार्च, सकाळ

रोहिणी,

हे उमेश तुझ्या हातात देईल. आज तू घरीच आहेस, वॉर्डन नाही, तेव्हा नीट वाच.

काल संध्याकाळी तुझे बाबा इथे आले होते. तुला सांगून आले नसतील. मी आत होतो, त्यांनी हाक मारून मला ओट्यावर बोलावलं. म्हणाले, "हरेश, पालघरच्या त्या साहेबांना मी स्वतः फोन केला. तुझा पणजा पळपुटा नव्हता. मी चुकीचं बोललो." माझ्यासमोर, माझ्या बापासमोर म्हणाले. मास्तर माणसाने चूक मान्य केलेली मी पहिल्यांदा बघितली. मी पायाच पडलो त्यांच्या.

मग ते म्हणाले, "साखरपुडा मी आठ दिवस पुढे ढकलतो. त्या लोकांना काहीतरी कारण सांगतो. पुढचं बोलू आपण. फक्त उद्या तुम्ही दाभोशाला जाऊ नका. म्हाताऱ्याला जायचं तर गुपचूप जाऊ दे. तू, तुझा बाप, पाड्यातली माणसं, सगळी वाजतगाजत कातकऱ्यांच्या दारात पितर घालायला गेली, तर मी माझ्या भावकीला काय तोंड दाखवू?"

रोहिणी, ज्या दोन शब्दांसाठी मी महिनाभर धावलो, ते त्यांनी माझ्या हातावर आणून ठेवले. मी "विचार करतो" म्हटलं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला असेन. बापाला वाटलं मला ताप आलाय.

आत आलो तर आजा उद्याची तयारी करत होता. नवं धोतर, तांदूळ, आणि एका फडक्यात गुळाचा खडा. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, "बहिणीला रिकाम्या हातानं भेटू काय?" मला म्हणाला, "तुला नसंल यायचं तर नको येऊ. तुझं वय लग्नाचं हाय. पण येणार असशील तर त्याची पेटी... नाय, पेटी नाय त्याची. मग हातात काय घेऊन चालायचं थोरल्या पणतूनं?" त्यावर तो स्वतःच विचारात पडला. पलटणवाल्याच्या दिवसाला त्याची वस्तू पुढे घेऊन चालतात म्हणे. सखाची आमच्या घरात एकही वस्तू नाही. दगड आहे, आणि दगडावरची एकही गोष्ट खरी नाही.

मी येतो म्हटलं. मग ओट्यावर बसून राहिलो आणि मला पणजाचा राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी त्याच्यासाठी भांडत होतो आणि तो अंगणाच्या मागून परत फिरला! पारूचं काय होईल, भावाचं काय होईल, पोराला लोक काय म्हणतील, सगळं त्याने एकट्यानेच ठरवलं, झाडाआड उभं राहून. फार चांगलं ठरवलं असेल. पण ती दहा पावलांवर सुपाने दाणे पाखडत होती. तिला विचारलं नाही. तिने हो म्हटलं असतं की नाही म्हटलं असतं, तिलासुद्धा कधी कळलं नाही. तिने फक्त नारळ वाहायचं टाळलं, आयुष्यभर.

आणि मग कळलं की मी तरी काय केलंय. तुला मागायला गुरुजींकडे गेलो. शपथ गुरुजींपुढे घेतली. अर्धं सांगायचं की पूर्ण, हे उमेशबरोबर ठरवलं. काल तुझ्या बाबांनी साखरपुडा पुढे ढकलला, मी पाया पडलो. दोघांनी मिळून तुझी तारीख बदलली.

म्हणून आता सरळ विचारतो. मी आज दाभोशाला जाणार. पाड्यासमोर, दिवसाउजेडी, आजाच्या बरोबरीने. बाळी माझी आजी लागते, आणि तिच्या घरचं पाणी आज मी थांबून पिणार नाही. तुझे बाबा यानंतर माझ्याशी पुढचं काही बोलतील असं वाटत नाही. मी कॉलेजातून उठून आलेला, डोक्याने गरम, हातात धड काम नसलेला पोरगा आहे. हे सगळं बघून तुला मी हवा आहे का? ग्रामसेवक हवा असेल तर तसं सांग. तो वाईट नाही, मी चौकशी केली. नाशिकला राहून नोकरी करायची असेल, दोघेही नको असतील, तर तेही सांग. मी कुणाचं नाक फोडणार नाही. आज तरी नाही.

नंबर ब्लॉक असेल तर असू दे. उमेश तुझ्या घराबाहेर थांबणार आहे, तू काय म्हणशील ते तो जसंच्या तसं आणील. त्याला पदरचं घालू नको म्हणून दम दिलाय.

जीप आलीय. पाड्यातली निम्मी माणसं आली नाहीत, निम्मी आलीत, त्यातली निम्मी तमाशा बघायला. आजा पुढच्या सीटवर बसलाय आणि ओरडतोय, "ए पुढारी, तुझं लिहून झालं का? भगत उपाशी हाय!" सगळे हसतायत. आई-बाप बसले, घरात मी एकटाच उरलोय.

पेन ठेवतो. शेळ्या आत शिरतात, म्हणून बाहेर पडून दार लावून घेतो.

हरेश